खरा रानकांदा कोणता?

नालासोपारा स्थानकाहून पश्चिमेला निघाले, की केळी-नारळाच्या वाड्या, विहिरी आणि बैठी घरे मागे टाकीत रस्ता राजोडीच्या समुद्रकाठी पोचतो. सुरूच्या झाडांची रांग, तिच्यापुढे वाळू आणि वाळूपुढे अरबी समुद्र. सुटीच्या दिवशी मुंबईची माणसे येथे समुद्र पाहायला येतात. वाळू पाहायला सहसा कोणी येत नाही. या लेखात आपल्याला वाळूकडेच पाहायचे आहे, कारण कोकणातल्या अशा वाळूच्या पट्ट्यांत राहणाऱ्या एका फुलझाडाची हकीकत आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव रानकांदा. काही भागांत त्याला कोळकांदा असेही म्हणतात.

पानांआधी फुले

पावसाळ्याला अजून अवकाश असतो. जमीन तापलेली असते, गवत वाळलेले असते. अशा वेळी कोरड्या जमिनीतून एक पान नसलेला दांडा सरळ वर येतो. कधी तो वीतभर असतो, तर कधी कमरेइतका उंच. त्यावर लांब लांब अंतराने लहान, खाली झुकलेली फुले येतात. रंग फिकट, हिरवट-तपकिरी. दुरून पाहिले तर वाळकी काडीच उभी आहे असे वाटते. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, सहा पुंकेसर. फुले फार वेळ टिकत नाहीत. पुढे तीन कप्प्यांची बोंडे धरतात आणि ती उकलली की आतून काळ्या, चपट्या, हलक्या बिया बाहेर पडतात. तोवर पाऊस येऊन ठेपलेला असतो. पाऊस पडल्यावर मग कुठे जमिनीतून पट्टीसारखी लांब पाने वर येतात.

फुले आधी आणि पाने नंतर, हा उलटा क्रम कशासाठी? उत्तर जमिनीखाली आहे. तेथे कांद्यासारखाच, पापुद्र्यावर पापुद्रे असलेला कंद असतो. पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न या पापुद्र्यांत साठवले जाते. पाने वाळून गेली तरी शिधा शिल्लक राहतो आणि उन्हाळ्यात त्याच शिध्यावर फुलांचा खर्च भागतो. यात मोठा फायदा आहे. बिया तयार होतात त्या नेमक्या पावसाच्या तोंडावर. म्हणजे रुजण्यासाठी पूर्ण पावसाळा त्यांच्या हाती असतो.

येथेच एक इशारा द्यायला हवा. हा कांदा दिसायला कांद्यासारखा असला तरी खाण्याचा कांदा नव्हे. तो विषारी आहे. त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी कातडीला खाज सुटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती पोटात गेली तर उलट्या होतात, नाडी मंदावते आणि मात्रा जास्त झाली तर प्राणावर बेतू शकते. पण याच द्रव्यांमुळे रानकांद्याला इतिहासही मिळाला.

भूमध्य समुद्राकाठचा भाऊबंद

हा इतिहास कोकणात सुरू होत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी रानकांद्याचा एक भाऊबंद वाढतो. त्याचा कंद पुष्कळ मोठा, फुलांचा तुरा पांढरा आणि दाट. इंग्रजीत त्याला स्क्विल म्हणतात. इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक पंडित थिओफ्रास्टस, ज्याला वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणतात, त्याने या झाडाचे नीट निरीक्षण केले होते. याची फुले पानांच्या आधी येतात हे त्याने टिपले. फुलण्याचे बहर नांगरटीच्या हंगामांची खूण म्हणून शेतकऱ्यांना उपयोगी पडतात, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे.

आपण ही नोंद रानकांद्याशी ताडून पाहिली तर एक गमतीची गोष्ट लक्षात येते. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो. तेथला स्क्विल कडक उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास फुलतो आणि हिवाळी पावसावर पाने काढतो. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, म्हणून आपला रानकांदा त्याआधीच्या उन्हाळ्यात फुलतो. महिने निराळे, पण नियम एकच: कोरड्या ऋतूच्या शेवटी फूल आणि ओल्या ऋतूत पान. दोन भाऊबंदांनी आपापल्या पावसाशी जुळवून घेतलेले दिसते.

पहिल्या शतकातील डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याने स्क्विल शिर्क्यात मुरवून तयार केलेले औषध वर्णिले आहे. जुना खोकला, दमा, अंगावरची सूज यांवर ते दिले जाई. सबंध कंद दारावर टांगला की अनिष्ट टळते, अशी समजूतही त्याने नोंदली आहे. पुढे ही विद्या अरबी वैद्यांकडे आली. त्यांनी या कंदाला ‘उन्सुल’ आणि ‘इस्कील’ म्हटले. त्यांच्या ग्रंथांबरोबर ही नावे भारतात हकिमांकडे पोचली.

नाव पोचले, पण झाड? भूमध्य समुद्राकाठचा स्क्विल काही भारतात उगवत नाही. राजोडीच्या शेजारचे सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिमेशी व्यापार करणारे बंदर होते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव येते. गलबतांतून काचसामान येई, मद्य येई; तशी वाळलेली औषधेही येऊ शकत. पण झाड तेथे आणि रोगी येथे, अशी स्थिती असली की वैद्य जवळचे शोधतो. हकिमांनी स्क्विलच्या जागी इथला जंगली कांदा वापरायला सुरुवात केली आणि त्यालाच ‘इस्कील’ म्हटले. आयुर्वेदाच्या निघंटूंत ‘कोलकंद’ असे नाव आढळते. आज ते याच वनस्पतीला लावले जाते आणि मराठीतले कोळकांदा त्याच्याशी जुळते. म्हणजे एका झाडाचे नाव दुसऱ्या झाडाला मिळाले. पुढच्या घोटाळ्याचे मूळ यातच आहे.

बाजारातला घोटाळा

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या दवाखान्यांत स्क्विल हे नेहमीचे औषध होते. खोकल्याच्या मिश्रणांत ते हटकून असे. ते विलायतेहून मागवायचे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही जात. शिवाय दमट हवेत वाळलेल्या चकत्या लवकर सादळत. साहजिकच भारतातल्या जंगली कांद्याकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. १८६८ साली एडवर्ड वॉरिंग यांच्या संपादनाखाली ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ ही औषधसंहिता प्रसिद्ध झाली. तिचा एक हेतू इथल्या औषधींना मान्यतेच्या चौकटीत आणणे हा होता.

पण डॉक्टर संहितेत नाव वाचतात आणि औषध बाजारातून आणतात. मुंबईच्या बाजारात जंगली कांदा मागितला तर काय मिळे? कधी रानकांदा, तर कधी भुईकांदा. भुईकांदा हे निराळे झाड आहे. त्याचा कंद लहान, पानांवर जांभळे ठिपके, आणि फुले येतात ती पाने असतानाच. हिरवी झाडे शेजारी ठेवली तर शाळकरी मुलगाही फरक सांगेल. पण सुकलेल्या कंदांच्या चकत्या पोत्यात एकत्र आल्या की ओळख पटवणे अवघड. एकाला गुण आला, दुसऱ्याला आला नाही, असे झाले की दोष औषधाला लागे: देशी कांद्यात दम नाही!

या काळात मुंबईत काही माणसे हा गुंता सोडवण्याच्या खटपटीत होती. त्यांतले एक डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या या मराठी डॉक्टरांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधींची सूची प्रसिद्ध केली. अशा सूचीचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. पण बाजारातले नाव, झाडाचे शास्त्रीय नाव आणि औषधी उपयोग या तिन्ही गोष्टी एका ओळीत आणणे म्हणजे गांधी, हकीम, वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांना एका भाषेत बोलायला लावणे होते. पुढे १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते.

दुसरे विल्यम डायमॉक. सरकारी औषधभांडाराचे ते मुंबईतील प्रमुख होते, त्यामुळे बाजारातला माल रोज त्यांच्या हाताखालून जाई. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० च्या सुमारास खंडशः बाहेर पडला. या अभ्यासकांनी फरक ओळखण्याची एक साधी खूण पुढे आणली. रानकांद्याचा कंद कापला तर खाण्याच्या कांद्यासारखी एकात एक पूर्ण वर्तुळे दिसतात. भुईकांद्याचा कंद कापला तर कौलांसारखे एकमेकांवर चढलेले सुटे खवले दिसतात. सुरी आणि डोळे एवढ्याच साधनांनी करता येणारी ही परीक्षा होती.

प्रयोगशाळेचा निकाल

१९१४ च्या ब्रिटिश औषधसंहितेने भारतातील वापरासाठी रानकांद्याला स्क्विलचा पर्याय म्हणून जागा दिली. तरी तो खरोखर तितकाच गुणकारी आहे की केवळ सोयीचा म्हणून घेतला आहे, हा प्रश्न उरलाच. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात तो तपासला. औषधाचा अर्क प्राण्यांच्या हृदयावर किती काम करतो हे मोजण्याच्या पद्धती तोवर उपलब्ध झाल्या होत्या. निष्कर्ष असा निघाला, की रानकांदा युरोपीय स्क्विलपेक्षा कमी पडत नाही. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या चोप्रांच्या देशी औषधींवरील ग्रंथात हा विचार सविस्तर आला.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल हे रसायनशास्त्रज्ञ स्क्विलमधील मूळ द्रव्य वेगळे करीत होते. त्यांनी शुद्ध केलेल्या द्रव्याचे नाव सिलारेन. १७८५ साली विल्यम विदरिंग यांनी डिजिटॅलिस या वनस्पतीचा हृदयरोगावरील उपयोग जगापुढे मांडला होता. सिलारेनचे कामही त्याच जातीचे आहे. हृदयाच्या पेशी सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेत असतात. ते काम करणारा पेशीतला ‘पंप’ ही द्रव्ये अडवतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि हृदयाचे आकुंचन जोरकस होते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर मात्र फार थोडे असते. म्हणूनच घरगुती उपचार म्हणून रानकांदा वापरणे धोक्याचे आहे. युरोपात तांबड्या स्क्विलचा उपयोग उंदीर मारण्यासाठी होत असे. त्याचे कारण मुलांना सांगण्यासारखे आहे: कुत्र्या-मांजराने तो खाल्ला तर त्यांना उलटी होते आणि बरेचसे विष बाहेर पडते, उंदराला उलटी करताच येत नाही.

नावांची अदलाबदल

बाजारातल्या नावांना आपण हसलो, पण शास्त्रीय नावांची कथाही फारशी निराळी नाही. विल्यम रॉक्सबर्ग यांनी रानकांद्याला ‘सिल्ला इंडिका’ हे नाव दिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये ‘फ्लोरा इंडिका’त प्रसिद्ध झाले. १८३४ साली स्टाइनहाइल या फ्रेंच अभ्यासकाने अल्जीरियातील बेनी अर्जिन या टोळीच्या नावावरून ‘अर्जिनिया’ ही प्रजाती स्थापन केली आणि १८४३ साली कुंथ यांनी रानकांदा तीत घालून त्याला ‘अर्जिनिया इंडिका’ म्हटले. दरम्यान बेकर या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘सिल्ला इंडिका’ हेच नाव भुईकांद्याला वापरले! म्हणजे ज्या दोन झाडांचा बाजारात घोटाळा होत होता, त्यांचा ग्रंथांतही झाला. एखाद्या जुन्या पुस्तकात ‘सिल्ला इंडिका’ वाचले, तर पुढे लेखकाचे नाव पाहिल्याशिवाय झाड कोणते हे कळत नाही. वनस्पतीच्या नावापुढे नाव देणाऱ्याचे नाव का लिहितात, असे विद्यार्थी विचारतात. त्यांना हे उदाहरण द्यावे.

१९७७ मध्ये जेसप यांनी रानकांदा ‘ड्रिमिया’ या जुन्या प्रजातीत हलवला. ‘ड्रिमिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ झोंबणारा, तिखट. आज ‘ड्रिमिया इंडिका’ हे नाव रूढ आहे. तरीही प्रश्न मिटलेला नाही. रानकांद्याच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या रोपांत गुणसूत्रांचे दोन, तीन, चार संच आढळतात आणि बाह्य रूपही बदलते. फादर ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी १९२८ साली याच गटातली आणखी एक जात, पॉलिअँथा, वेगळी काढली आणि त्यानंतरही पश्चिम व दक्षिण भारतातून नव्या जाती वर्णिल्या गेल्या. खरा रानकांदा कोणता, हा प्रश्न दोन हजार वर्षे दर वेळी नव्या रूपात पुढे येतो आहे.

आणि तो दर वेळी एकाच रीतीने सुटला आहे: कोणी तरी जिवंत झाड, त्याच्या जागेवर, फुलासकट आणि पानासकट पाहिले तेव्हा. रानकांद्याच्या बाबतीत हे विशेष कठीण, कारण फूल आणि पान एका वेळी भेटत नाहीत. उन्हाळ्यात फुलाचा नमुना घेणारा पानाला मुकतो आणि पावसाळ्यात येणाऱ्याला फूल दिसत नाही. एकाच जागी वर्षातून दोनदा जावे लागते. म्हणजे ती जागा दोन्ही वेळा जागेवर असावी लागते.

वाळूचा पट्टा

राजोडीसारख्या किनाऱ्यावर लाटांच्या रेषेमागे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाळू धरून ठेवतात. त्यामागे वाळूचे उंचवटे असतात. वाळूत पाणी साचत नाही, त्यामुळे कंद कुजत नाहीत. जमीन भुसभुशीत, त्यामुळे त्यांना फुगायला जागा मिळते. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून खाली जाते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन राहते. वसईच्या वाड्या, विहिरी आणि बावखले यांना या गोड्या पाण्याचा मोठा आधार. उपसा फार झाला की खारे पाणी वर सरकते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीमागे पाण्याची ही चिंता होती. शिधा साठवून ठेवणारा रानकांदा आणि पाणी साठवून ठेवणारी वाळू, दोघांची रीत सारखीच म्हणायची.

या पट्ट्यात बदल मात्र झपाट्याने झाले. सुरू हे झाड मूळचे आपले नव्हे. १८६८ साली कारवारला त्याची लागवड सुरू झाली आणि पुढे ते किनारपट्टीभर पसरले. सुरूने वारा अडवला, पण त्याच्या सुयांचा जाड थर जेथे पसरतो तेथे खालची लहान झुडपे मागे हटतात. त्यात वाळूचा उपसा आला, बांधकामे आली, वाहने थेट वाळूवर आली. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरील बांधकामांवर निर्बंध घातले. त्यांत पुढे २०११ आणि २०१९ मध्ये बदल झाले.

रानकांदा ही दुर्मिळ जात नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो भारतात पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि किनारा सोडून डोंगरमाळांवरही वाढतो. राजोडीचा पट्टा गेला म्हणून तो पृथ्वीवरून नाहीसा होणार नाही. पण धोका नेमका येथेच आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या वनस्पतिग्रंथांत अशा झाडांपुढे ‘सर्वत्र’ असा शेरा असतो. ‘सर्वत्र’ म्हटलेल्या झाडाचा नमुना पुन्हा कोणी गोळा करीत नाही. दुर्मिळ झाड गेले तर बातमी होते. सर्वत्र असलेले झाड एकेका गावातून जाते, तेव्हा त्या गावालाही कळत नाही.

शाळेला काय करता येईल?

किनाऱ्याजवळच्या आणि माळाजवळच्या शाळांना हे काम सहज जमेल. मार्च ते मे या काळात पान नसलेले फुलांचे दांडे शोधावेत. दिसले तर तारीख, जागा, जमीन कसली, शेजारी कोणती झाडे आहेत, हे वहीत लिहावे. चित्र काढावे किंवा छायाचित्र घ्यावे. त्याच जागी जुलैत पुन्हा जावे आणि पाने पाहावीत. ठिपके असतील तर तो भुईकांदा असण्याचा संभव आहे. कंद उपटू नये, चाखू नये, रस हाताला लागू देऊ नये. वर्तुळे पाहण्यासाठी वर्गात घरचा कांदा कापला तरी पुरे. दांडा दिसला नाही, तर ‘शोधले, आढळले नाही’ हेही तारखेसह लिहावे. तीही नोंदच आहे. गावातल्या वयस्कर माणसांना झाडाचे नाव विचारावे आणि जसे सांगतील तसेच टिपावे.

थिओफ्रास्टसने केले ते याहून फार निराळे नव्हते. शेतकरी काय म्हणतात ते त्याने विचारले आणि फूल आधी की पान आधी, हे पाहून ठेवले. त्याची ती नोंद आज आपल्याला राजोडीच्या वाळूत उपयोगी पडते. आपल्या मुलांची नोंदही पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.